चार चकत्या

आमच्या ह्यांच्या पायाला भिंगरी आहे हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी लग्न केलंच असतं म्हणा, कारण तेव्हा मला एका जागी बसून राहणाऱ्या माणसांचा भारी कंटाळा होता. एकतीस वर्षांत तो कंटाळा पार फिटला. हा माणूस जेवताना दोनदा उठतो. एकदा पाणी घ्यायला आणि दुसऱ्यांदा, आपण मघाशी कशाला उठलो होतो ते आठवायला. फोनवर बोलताना घराच्या चार फेऱ्या होतात. दात घासायला सुरुवात करतात मोरीत आणि संपवतात गॅलरीत, खाली कुणाची गाडी वाकडी लागलीय ते तोंडात फेस असतानाच त्याला ओरडून सांगत. कामाच्या जागी सगळे त्यांना पाठीमागे 'भिंगरी' म्हणतात. तोंडावर म्हणायला ते तेवढा वेळ समोर थांबतच नाहीत.

एकाच जागी हा माणूस गप्प बसतो, ती म्हणजे त्यांचं दात घडवायचं टेबल. आम्ही दोघंही एकाच लॅबमध्ये कामाला. दाताच्या डॉक्टरांकडून पेशंटच्या तोंडाचं माप येतं, म्हणजे गुलाबी लगद्यात उमटलेला जबड्याचा ठसा. तो आधी माझ्या खोलीत येतो. मी प्लास्टर कालवते, थरथरत्या टेबलावर माप धरून थोडं थोडं ओतते, म्हणजे आत बुडबुडा राहत नाही, आणि पाऊण तासानं सोडवून काढते. हातात जबडा येतो, पांढरा स्वच्छ, त्या माणसाचा जसाच्या तसा. मग तो ह्यांच्याकडे जातो. हे त्यावर मेणाचा दात घडवतात आणि त्यावरून पुढे पक्का दात होतो. दाढा काय, कुणीही करतं. पण समोरचे सहा दात, हसताना दिसणारे, ते गेली पंचवीस वर्षं हेच करतात. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. आमच्या घरातली चार पोटं त्याच्यावरच भरली. लेक शिकली, तिचा संसार मार्गी लागला, सासूबाईंचं शेवटपर्यंत नीट झालं, सगळं दात कोरून.

गेल्या वर्षी आमच्या मालकीणबाईंनी सगळ्यांना मधल्या खोलीत बोलावलं. बाई सरळ बोलणाऱ्या. चहाचा कप हातातच होता.

"डॉक्टर लोक आता मापं घेईनासे झालेत," त्या म्हणाल्या. "तोंडात पेनासारखा कॅमेरा फिरवतात, जबडा थेट कॉम्प्युटरवर येतो. आपल्यात कुणी समोरचे दात स्क्रीनवर करून दाखवले, तर मी स्क्रीनवरून दात कोरणारं नवीन मशीन घेते. ते प्लास्टरच्या खोलीत बसवू आणि पुढचं सगळं काम स्क्रीनवरच. नाहीतर समोरचे दात बाहेरच्या लॅबला देऊन टाकू. आपण जुन्या डॉक्टरांच्या मापांवर दाढा आणि कवळ्या करत राहू. निदान चार-पाच वर्षं तेही चालेल."

ह्यांनी त्यातलं निम्मंच ऐकलं. समोरचे दात बाहेर जाणार, एवढं कानावर पडलं आणि पुढचं वाक्य यायच्या आत हे उठून उभे. "मी शिकतो! मी करतो!" सगळे हसले. मी नाही हसले, कारण मी उरलेलं निम्मं ऐकलं होतं. स्क्रीनवरच्या जबड्याला प्लास्टर लागत नाही. म्हणजे हे पास झाले की माझी खोली बंद, आणि नापास झाले की ह्यांचे समोरचे दात बंद. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

माझी खोली काही राजवाडा नाही. दहा बाय आठ, एक खोल सिंक, एक न उघडणारी खिडकी, आणि भिंतभर फळ्यांवर लोकांचे जबडे. पण तिथे सव्वीस वर्षं मला कुणी काही शिकवायला आलेलं नाही. प्लास्टर किती घट्ट हवं ते माझ्या मनगटाला कळतं. बावन्नाव्या वर्षी हे मनगट घेऊन मी दुसरीकडे कुठे जाणार? त्या दिवशी घरी येताना मला वाटलं, हे आता बोलतील. जेवताना बोलतील. रविवारी बोलतील. हे बोलले, अखंड बोलले, पण लॅपटॉपबद्दल.

लॅपटॉप आम्ही जुना घेतला होता, घरांचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसनं काढून टाकलेला. वजनाला पाटा. दात घडवायचा प्रोग्रॅम त्यात भरला आणि हे व्हिडिओ बघून शिकायला बसले. बसले म्हणजे काय, दर पाच मिनिटांनी उठले, पण शिकले. छप्पन्न वर्षांचा माणूस महिन्याभरात स्क्रीनवर मेणासारखा दात ओढू-दाबू लागला. मला खोटं बोलायचं नाही, मला अभिमान वाटला. अडचण एकच होती. जबडा फिरवला की तो लॅपटॉप आधी विचार करायचा आणि मग झटक्यानं भलतीकडेच तोंड करायचा. दाताची मागची बाजू बघायची तर चहा होईपर्यंत थांबा. हे एवढे कावायचे की एकदा जबडा फिरेना म्हणून स्वतःच टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले आणि लॅपटॉपच्या पाठीकडे बघत उभे राहिले. मी हसून लोटपोट. हे मात्र तीन दिवस बोलले नाहीत, म्हणजे माझ्याशी. बाकी बोलणं चालू होतं.

मग आम्ही दुरुस्तीवाल्याकडे गेलो. मी बरोबर गेले, कारण एकटे गेले की हे छत्री तिथे विसरतात आणि येताना दुसऱ्याची आणतात. दुकान जिन्याखाली. पोटं उघडलेले लॅपटॉप टेबलावर एकावर एक, आणि त्यांच्यामागे कपाळावर भिंग चढवलेला दुरुस्तीवाला.

"काका, तुम्हाला चित्र फिरवणारं ते ग्राफिक्स कार्ड बदलायचंय, पण बहुतेक लॅपटॉपमध्ये ती चिप बोर्डालाच डाग देऊन बसवलेली असते," तो म्हणाला. "ती बदलता येत नाही. लोक येतात, मी परत पाठवतो."

"उघडून तरी बघा," हे म्हणाले, आणि तो बघेपर्यंत ह्यांनी स्वतःच दोन स्क्रू काढले होते.

त्यानं पाठ उघडली, भिंग डोळ्यावर घेतलं आणि शीळ घातली. "नशीबवान आहात. ह्याचं कार्ड वेगळं आहे. पत्त्याएवढी पट्टी आहे बघा, खाचेत बसवलेली. ह्याच जातीचा दुसरा एखादा बंद पडलेला लॅपटॉप मिळाला तर त्यातलं मोठं कार्ड ह्याला बसेल. शोधावं लागेल."

शोधायला तीन आठवडे लागले. तेवढ्यात हे अकरा वेळा विचारायला जाऊन आले. शेवटी मिळालं. दुरुस्तीवाला म्हणाला, मी लावून देतो. हे म्हणाले, "अहो, माझे हात तीस वर्षं केसाएवढ्या फटींत काम करतायत. मीच लावणार."

"लावा. पण एक लक्षात ठेवा," तो म्हणाला. "ही तांब्याची पट्टी आहे ना, ती चिपवर घट्ट टेकली पाहिजे. मधे उष्णता वाहणारी पेस्ट लावायची, पण ती नावाला. पट्टी टेकली नाही तर उष्णता पंख्यापर्यंत पोचतच नाही. वरून वारा गार येतो आणि मशीन आतल्या आत भाजतं."

तो हे सांगत होता तेव्हा हे टेबलाखाली होते. एक स्क्रू पडला होता, तो शोधत होते. मी "हो हो" म्हटलं. त्याला वाटलं निरोप पोचला.

कार्ड ह्यांनी घरी बसवलं, शुक्रवारी, दिवसाउजेडी, खिडकीजवळ. दात बसवावा तसं बसवलं, हीच तर गोम. आमच्या धंद्यात एक रीत आहे. प्लास्टरच्या दातावर टोपी, म्हणजे कॅप, घडवायच्या आधी त्याला एक पातळ वार्निश लावतात, नखांना लावतो तसलं. का, तर टोपी आणि दात ह्यांच्यामध्ये केसभर जागा राहावी आणि तिथे सिमेंट मावावं. घट्ट बसलेली टोपी म्हणजे शिकाऊ माणसाचं काम; दाबली की सिमेंट बाहेर आणि टोपी उचललेली. ही गोष्ट ह्यांच्या हाडात भिनलेली. तेव्हा ह्यांनी काय केलं, तर पोलादाच्या पातळ पट्टीतून मसुरीएवढ्या चार चकत्या कापल्या, मधोमध भोक पाडलं, आणि तांब्याच्या पट्टीखाली, चार स्क्रूंच्या जागी एकेक ठेवली. पट्टी चिपपासून केसभर वर. मधे पेस्टचा छान जाड थर.

"पेस्टला जागा नको का?" मला म्हणाले.

"हवीच," मी म्हणाले. माझंही आयुष्य दातांतच गेलंय. मला त्यात काही चुकीचं दिसलं नाही.

लॅपटॉप सुरू झाला आणि जबडा असा फिरला की बघत राहावं. हे त्याला गोल गोल फिरवत बसले, वर, खाली, आतून, मागून. "अगं बघ, जीभ असते तिथून दिसतंय!" असा आनंद मी लेकीच्या जन्मानंतर त्यांच्या तोंडावर पाहिला नव्हता. मी शेजारी बसून बघितलं आणि मनात म्हटलं, संपली माझी खोली.

शनिवारी परीक्षा झाली. मालकीणबाईंनी एका डॉक्टरांकडून आलेला खरा जबडा दिला, वरचे दहा दात करायचे. हे मधल्या खोलीत बसले, बाकीचे येता-जाता डोकावत होते. चार दात झाले, पाच झाले. पंखा घोंघावायला लागला. सहावा दात अर्धा झाला आणि स्क्रीन काळी. ह्यांनी पुन्हा सुरू केलं, पाच मिनिटं चाललं, पुन्हा काळी. तिसऱ्यांदा तर सुरूच होईना. लॅपटॉपच्या पोटाला हात लावला तर चटका बसत होता.

मालकीणबाई वाईट नाहीत. "बुधवारी परत बसा," त्या म्हणाल्या. "पण बुधवार शेवटचा. गुरुवारी मला बाहेरच्या लॅबला हो-नाही कळवायचंय."

त्याच संध्याकाळी दुरुस्तीवाल्याकडे गेलो तर दुकानाला कुलूप. 'गावी गेलो आहे, शुक्रवारी येईन.' ह्यांनी कुलूप दोनदा ओढून बघितलं.

रविवार उजाडला तो स्क्रूड्रायव्हरच्या आवाजानं. ह्यांनी पंखा काढून ब्रशनं साफ केला. चार्जरला दोष दिला, मग घरातल्या विजेला, मग प्रोग्रॅमला, मग त्या नकाशेवाल्या ऑफिसला. दर वेळी पाठ लावायची, सुरू करायचं, जबडा गरागरा फिरवायचा, काळी स्क्रीन यायची, आणि उठून गॅलरीत फेरी. एकदा पट्टी उचलली, पेस्टचा थर आणखी जाड केला आणि त्या चार चकत्या चिमट्यानं परत नेमक्या जागी ठेवल्या. मी धुणं पिळून आले होते, हात ओले होते. सहज हात पुढे केला, लॅपटॉपच्या कडेला जिथून पंख्याचा वारा येतो तिथे. वारा गार होता. मशीन तापलेलं आणि वारा गार.

आणि मला दुरुस्तीवाल्याचं बोलणं आठवलं, शब्दन् शब्द. पट्टी टेकली पाहिजे. मी चकत्यांकडे पाहिलं. एका क्षणात सगळं कळलं. तोंड उघडलं सुद्धा. आणि मिटलं.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या अख्ख्या नात्यात प्रसिद्ध आहे. लेकीला मुलगा झाल्याचं मी तिच्या नवऱ्याच्याही आधी त्याच्या आईला सांगितलं होतं. ती मी, रविवारी सकाळी मूग गिळून स्वयंपाकघरात गेले. भाजी चिरली. चिरून झाल्यावर लक्षात आलं की आधीच एक भाजी चिरून ठेवली होती. मग तीही केली. मनाशी म्हणत होते, मी काही वाईट करत नाहीये. मशीन मी नाही बिघडवलं. चकत्या मी नाही कापल्या. मी फक्त बोलत नाहीये, आणि न बोलणं म्हणजे काही करणं नव्हे. असं दहा वेळा म्हटलं तरी पटेना, म्हणून अकराव्यांदा म्हटलं.

सोमवार गेला. हे कामावर दाढा करत होते आणि मध्येच उठून माझ्या खोलीच्या दारात येत होते. "बॅटरी असेल का गं?" "असेल." "की कार्डच जळकं दिलं त्यानं?" "असेलही." मी प्लास्टर ओतत होते आणि वर बघत नव्हते. त्या दिवशी मी सोडवलेल्या एका जबड्यात पुढच्या दातावरच वाटाण्याएवढा बुडबुडा निघाला. सव्वीस वर्षांत असा बुडबुडा माझ्या हातून आला नव्हता. मी तो जबडा फोडला, परत ओतला, परत बुडबुडा. माझ्याच खोलीसाठी मी गप्प होते आणि त्या खोलीत माझा हात चालेना.

मंगळवारी संध्याकाळी घरी आलो. हे लॅपटॉप घेऊन जमिनीवर बसले. मी चहा ठेवला, कप आणून दिला. चहावर साय आली तरी हे तसेच. उठले नाहीत, बोलले नाहीत, स्क्रूड्रायव्हरसुद्धा उचलला नाही. एकतीस वर्षांत मी ह्या माणसाला घरात असं बसलेलं पाहिलं नव्हतं. मला भीती वाटली, खरं सांगते.

"दाढाच करीन आता," ते म्हणाले. "दाढा काय, वाईट नसतात."

मला ते बघवेना.

"अहो, त्या चकत्या काढा."

"कुठल्या?"

"पट्टीखालच्या. तांब्याची पट्टी चिपला टेकली पाहिजे. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं होतं, तुम्ही तेव्हा टेबलाखाली होतात."

"टेकली तर पेस्टला जागा कुठे..."

"अहो, तो दात नाही!"

त्यांनी लॅपटॉपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. मग एकदम हसायला लागले. "सिमेंटची जागा! मी मशीनला सिमेंटची जागा सोडली!" हसता हसता उठले, स्क्रूड्रायव्हर उचलला, आणि तिथेच थांबले. "तुला आत्ता सुचलं हे?"

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. पण दोन दिवसांचं ओझं होतं, ते आता उतरूनच टाकायचं होतं.

"रविवारी."

"रविवारी? मग दोन दिवस का नाही बोललीस?"

त्या 'का'नं माझं डोकं फिरलं. "का म्हणून विचारताय? तुमचं मशीन चाललं की माझी खोली बंद. मालकीणबाईंनी एका दमात सांगितलं होतं सगळ्यांसमोर. तुम्ही तुमच्यापुरतं ऐकलंत आणि उड्या मारायला लागलात. अकरा वेळा त्या जिन्याखाली गेलात. सहा महिन्यांत एकदा तरी विचारलंत, अगं, तुझ्या प्लास्टरचं काय होणार?"

त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"माझ्या लक्षातच आलं नाही गं," म्हणाले.

"तेच म्हणतेय मी."

खोटं बोलत नव्हते ते, ह्याचाच मला जास्त राग आला. मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. आपलेच दात, आपलेच ओठ. बोंब कुणाच्या नावानं मारायची? हे खोलीत फेऱ्या मारायला लागले, दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. चौथ्या फेरीला माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मग मी काय करू? तू सांग. तू म्हणशील तसं करतो."

"मला नका विचारू," मी म्हणाले. "सहा महिने नाही विचारलंत, आता शेवटच्या दिवशी विचारून माझ्या गळ्यात घालू नका. मशीन तुमचं, दात तुमचे. चकत्या काढायच्या तर काढा, ठेवायच्या तर ठेवा. काय केलंत ते मला सांगूसुद्धा नका."

पिशवी घेतली आणि बाहेर पडले. काही आणायचं नव्हतं. भाजीवालीशी चार कांद्यांवरून हुज्जत घातली आणि ते न घेताच पुढे गेले. चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानापर्यंत गेले, माझ्या चपला धड होत्या, परत फिरले. एका बाकावर बसले आणि लगेच उठले. भिंगरीचा संसर्ग होतो हे मला त्या दिवशी कळलं. डोक्यात एकच चाललं होतं: हे काय करतील? चकत्या ठेवतील माझ्यासाठी? ठेवाव्यात का? ठेवल्या तर मला आवडेल का? आवडेल असं वाटे आणि पुढच्या कोपऱ्यावर स्वतःचीच लाज वाटे. जन्मभर समोरचे दात करणारा माणूस माझ्यापायी दाढा कोरत बसेल, आणि मी रोज संध्याकाळी त्याला चहा देईन. तो चहा घशाखाली उतरला असता का माझ्या?

घरी आले तेव्हा लॅपटॉप पिशवीत भरून दाराशी ठेवलेला होता. टेबल पुसलेलं. हे भांडी घासत होते.

"झालं," म्हणाले.

मी काय झालं ते विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. जेवताना ते एकदाही उठले नाहीत.

बुधवारी सकाळी दहाला हे मधल्या खोलीत बसले आणि मी माझ्या खोलीत. मध्ये एक भिंत. पाच मापं आली होती, मी पहिलं कालवायला घेतलं. भिंतीपलीकडे पंखा सुरू झाला, आधी हळू, मग घोंघाट. मी मनात मोजत होते. शनिवारी सहाव्या दातापाशी बंद पडलं होतं, साधारण पाऊण तासानं. पहिलं माप ओतलं, दुसरं ओतलं. अर्धा तास. चाळीस मिनिटं. कान भिंतीला लागले होते. कुणी 'अरेरे' म्हणतं का, खुर्ची सरकते का, हे उठतात का. काहीच नाही, फक्त पंखा. पाऊण तास होऊन गेला. चालत असेल? की आज हळू करतायत? मला राहवेना. कालचे वाळलेले जबडे ट्रेमध्ये भरले आणि ठेवायच्या निमित्तानं मधल्या खोलीत गेले.

मालकीणबाई ह्यांच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. स्क्रीनवर आठवा दात होता. ट्रे ठेवायची फळी लॅपटॉपच्या शेजारीच. मी ट्रे ठेवला आणि हात खाली घेताना लॅपटॉपच्या कडेला धरला, कुणाला कळणार नाही असा.

वारा गरम होता. इतका गरम की मी हात मागे ओढला.

काढल्या होत्या त्यांनी चकत्या. चारही. ते हायसं वाटणं होतं की लागणं होतं, आजही सांगता येत नाही. दोन्ही होतं. ह्यांनी मान वर केली. मी हात ओढलेला त्यांनी बघितला होता. 'चालेल ना तुला?' असं विचारत होते ते डोळ्यांतून नीट कळत होतं, आणि मालकीणबाईंसमोर ते विचारणं शक्य नव्हतं. मलाही तिथे काही बोलणं शक्य नव्हतं. मी स्क्रीनकडे पाहिलं.

"डावा सुळा जरा बाहेर आलाय," मी म्हणाले.

त्यांनी जबडा फिरवला. लोण्यासारखा फिरला. "हो की," म्हणाले, आणि सुळा आत घेतला.

साडेअकराच्या सुमाराला दहावा दात झाला. मालकीणबाईंनी सगळ्यांना बोलावून दाखवला, टाळ्या झाल्या. मग त्या माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाल्या की महिनाअखेरपर्यंत प्लास्टरचं काम चालेल. मी बरं म्हटलं आणि उरलेली तीन मापं ओतायला गेले. एकातही बुडबुडा आला नाही.

खोली बंद झाल्यापासून लोक मला विचारतात, घरी बसून कंटाळा येत नाही का? येतो, सपाटून येतो. ह्यांनी आता मला त्या जुन्या लॅपटॉपवर दात शिकवायला घेतलंय, आणि मी त्यांना शिव्या देत शिकतेय. त्यांनी त्या चकत्या ठेवल्या असत्या, तर मी त्यांना जन्मात माफ केलं नसतं. काढल्या, म्हणूनही अजून पुरतं केलेलं नाही. रोज थोडं थोडं करते.